भोंगा थांबल्यावर : लोवेल शहराची कहाणी

गिरणी बंद पडली म्हणजे गावाचे काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. भोंगा थांबला की आधी खानावळ बंद पडते. मग वाण्याची उधारी थकते. मग शाळेच्या पटावरची नावे कमी होऊ लागतात. तरणी माणसे दुसरीकडे पोट भरायला जातात आणि म्हातारी माणसे ओट्यावर बसून जुन्या पाळ्यांच्या गोष्टी सांगतात. लालबाग-परळने हे पाहिले, सोलापुरानेही पाहिले. पण पुढे काय? असे गाव पुन्हा उभे राहते का? राहिलेच, तर कोणाच्या बळावर? आज मी तुम्हांला एका दूरच्या शहराची कहाणी सांगणार आहे. शहर अमेरिकेतले आहे, पण त्याचा धंदा आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणजे कापसाचे सूत आणि सुताचे कापड.

या शहराचे नाव लोवेल. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. त्याची राजधानी बॉस्टन. बॉस्टनपासून सुमारे २५ मैलांवर मेरिमॅक आणि काँकर्ड या दोन नद्यांच्या संगमावर लोवेल वसले आहे. मेरिमॅक नदी येथे खडकांवरून सुमारे ३२ फूट खाली उतरते. आपण अशा ठिकाणी देऊळ बांधले असते, घाट बांधला असता. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी त्या पडत्या पाण्यात वेगळेच काही पाहिले. कोळसा न जाळता, वाफ न करता, रात्रंदिवस फुकट मिळणारे बळ त्यांना तेथे दिसले.

आता नावाची हकीकत ऐका. फ्रान्सिस कॅबट लोवेल नावाचा बॉस्टनचा एक व्यापारी १८१० मध्ये इंग्लंडला गेला आणि दोन वर्षे तिकडे राहिला. त्या काळी लँकेशायरमध्ये यंत्रमाग चालू झाले होते. यंत्र किंवा त्याचा आराखडा देशाबाहेर नेण्यास इंग्लंडात कायद्याने बंदी होती. लोवेलने कागदावर काही नेले नाही. तो गिरण्यांतून हिंडला, माग पाहिले आणि जे पाहिले ते डोक्यात साठवून परत आला. पॉल मूडी नावाच्या हुशार कारागिराला हाताशी धरून त्याने आपला माग तयार केला. १८१३ मध्ये वॉल्थॅम या गावी त्याने कंपनी काढली. तेथे एका बाजूने कापसाची गासडी आत जाई आणि दुसऱ्या बाजूने कापडाचा तागा बाहेर येई. पिंजणे, कातणे, विणणे सारे एकाच छपराखाली होई. लोवेल १८१७ मध्ये वारला. पुढे त्याच्या भागीदारांनी मेरिमॅकच्या काठची शेतजमीन विकत घेतली, कालवे खणले, गिरण्या उभारल्या आणि १८२६ मध्ये त्या वसाहतीला आपल्या दिवंगत मित्राचे नाव दिले. ज्या माणसाच्या नावाने शहर उभे राहिले, त्याने ते कधी पाहिलेच नाही.

पण ते कालवे खणले कोणी? आयर्लंडहून आलेल्या मजुरांनी. १८२२ मध्ये ह्यू कमिस्की नावाचा मुकादम तीस आयरिश बिगारी घेऊन तेथे पोहोचला. ही माणसे तंबूत आणि झोपड्यांत राहिली. पुढे जवळजवळ सहा मैल लांबीचे कालव्यांचे जाळे तयार झाले, आणि त्याच्या काठाने पाच-पाच, सहा-सहा मजली तांबड्या विटांच्या गिरण्या उभ्या राहिल्या.

गिरण्यांत काम करायला माणसे हवी होती. मालकांनी आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुलींना बोलावले. पंधरा वर्षांपासून तिशीपर्यंतच्या या मुली. बापाच्या शेतात खडक फार, पीक थोडे. भावाच्या शिक्षणासाठी, घरच्या कर्जासाठी, काही जणी केवळ चार पैसे आपल्या हाती असावेत म्हणून घराबाहेर पडल्या. कंपनीने त्यांच्यासाठी खानावळींच्या चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीवर देखरेखीला एक पोक्त बाई असे. रात्री दहाला दार बंद, रविवारी प्रार्थनेला जाणे सक्तीचे. उन्हाळ्यात पहाटे साडेचारला घंटा होई. आठवड्याला सरासरी ७३ तास काम भरे. खिडक्या बंद ठेवीत, कारण बाहेरचा वारा लागला की सूत कोरडे पडून तुटते. त्या कोंदट हवेत सरकीच्या धुळीसारखे तंतू उडत आणि ते छातीत जाऊन बसत.

तरीही या मुली नुसत्या राबल्या नाहीत. त्यांनी वाचनालयांतून पुस्तके आणली, रात्रीची व्याख्याने ऐकली. १८४० मध्ये त्यांचे लेखन छापणारे ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचे मासिक निघाले आणि पाच वर्षे चालले. कामगार स्त्रियांनी स्वतः लिहिलेले मासिक ही त्या काळात केवढी नवलाई! इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये हे शहर पाहून गेला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात त्या मुलींची वाखाणणी केली.

पण नाण्याला दुसरी बाजूही होती. १८३४ मध्ये मालकांनी मजुरी कापायचे ठरवले, तेव्हा सुमारे ८०० मुली माग सोडून रस्त्यावर आल्या. तो संप फसला. १८३६ मध्ये खानावळीचा दर वाढवला, तेव्हा त्याहून जास्त मुली बाहेर पडल्या आणि त्या वेळी मालकांना थोडे नमते घ्यावे लागले. पुढे सारा बॅगली नावाच्या कामगार स्त्रीने संघटना बांधली आणि दहा तासांच्या दिवसासाठी अर्जांवर हजारो सह्या गोळा केल्या. १८४५ मध्ये तिने विधिमंडळाच्या समितीपुढे साक्ष दिली. समितीने ऐकून घेतले आणि काही केले नाही. स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा त्या राज्यात झाला तो १८७४ मध्ये. मागणी करणाऱ्या मुलींचे केस तोवर पांढरे झाले होते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोवेलच्या मागांवर येणारा कापूस कोठून येई? अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांतून. तो कापूस वेचणारी माणसे गुलाम होती. त्याच कापसाचे जाडेभरडे कापड विणून दक्षिणेत परत जाई आणि ते त्या गुलामांच्या अंगावर चढे. त्या कापडाला तिकडे ‘लोवेल’ असेच म्हणत. म्हणजे ज्याने कापूस वेचला, त्यालाच त्याची गोणपाटासारखी बंडी! गिरणीतल्या काही मुलींना ही गोष्ट टोचत होती. गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर त्यांनी सह्या केल्या. पण माग चालूच होते.

आणि येथेच या कहाणीचा एक धागा थेट आपल्या मातीत येऊन मिळतो. १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. दक्षिणेचा कापूस अडला. लोवेलच्या मालकांना वाटले, युद्ध चार दिवसांत आटपेल. साठ्यातला कापूस चढ्या भावाने विकून टाकावा, असा हिशोब त्यांनी केला. त्यांनी कापूस विकला आणि गिरण्या थांबवल्या. चार्ल्स काउली या तेथल्या जुन्या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे की, शहरातल्या नऊ मोठ्या कंपन्यांनी १०,००० कामगारांना रस्त्यावर काढले. त्याच वेळी इकडे काय चालले होते? लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, म्हणून त्यांचे दलाल मुंबईच्या बंदरात आले. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड येथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून बांधला आहे. त्या देणगीमागे याच कापसाच्या तेजीचा पैसा होता. तेव्हा लोवेल आपल्याला अगदीच परके नाही. कापसाच्या एकाच तराजूचे एक पारडे तिकडे होते, दुसरे इकडे.

युद्धानंतर लोवेलच्या गिरण्या पुन्हा चालू झाल्या, पण शेतकऱ्यांच्या मुली परतल्या नाहीत. त्यांच्या जागी कॅनडातून फ्रेंच बोलणारी कुटुंबे आली. मागून ग्रीक आले, पोलंडचे लोक आले, पोर्तुगीज, ज्यू, आर्मेनियन आले. प्रत्येकाची वेगळी आळी, वेगळे देऊळ, वेगळी भाकरी. आपल्याकडे गिरणगावात कोकणातला, घाटावरचा, तेलंगणातला माणूस आपापल्या गावकीची खोली धरून राहत असे, तशीच ही रीत. १९२० च्या जनगणनेत शहराची वस्ती १,१२,००० च्या वर गेली होती.

मात्र तोवर आतून वाळवी लागली होती. दक्षिणेच्या राज्यांत कापूस दाराशी होता, मजुरी स्वस्त होती, आणि तेथे नवी यंत्रे बसत होती. लोवेलच्या मालकांनी नफा घेतला, पण जुन्या यंत्रांवरच काम रेटले. १९२० नंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. काही कंपन्या दक्षिणेकडे निघून गेल्या, काही मोडीत निघाल्या. १९२९ नंतरची जागतिक मंदी म्हणजे दुष्काळात तेरावा महिना ठरली. दुसऱ्या महायुद्धात थोडी धुगधुगी आली, ती युद्धाबरोबर संपली. तग धरून राहिलेली बूट गिरणीही १९५० च्या दशकात थांबली. बूट म्हणजे पायातला बूट नव्हे हो. कर्क बूट हा तिथला पहिला कारभारी, त्याच्या नावाची ही गिरणी.

मग काय झालं? घर फिरलं की घराचे वासे फिरतात, तसंच झालं. गिरण्यांच्या खिडक्या फुटल्या. कालव्यांत कचरा साठला, वास येऊ लागला. १९७० च्या दशकाच्या मध्यास शहरात शंभरातले बारांहून अधिक लोक बेकार होते. पण बेकारीहून वाईट गोष्ट वेगळीच होती. लोकांना आपल्या गावाची लाज वाटू लागली होती. आईबाप मुलांना सांगत, ‘शिका आणि येथून निघून जा.’ ज्या विटांच्या भिंतींआड आजीची उमेद खर्ची पडली, त्या भिंती नातवाला नकोशा झाल्या होत्या.

सरकारचे उपायही त्याच मनाने झाले. जुने ते पाडा आणि मोकळी जागा करा, म्हणजे नवा उद्योग आपोआप येईल, असा त्या वेळचा समज होता. १९६० च्या दशकात मेरिमॅक ही शहरातली सर्वांत पहिली गिरणी जमीनदोस्त झाली. फ्रेंच कॅनडियन लोकांची ‘लिटल कॅनडा’ नावाची आख्खी वस्ती पाडली गेली आणि कुटुंबे पांगली. १९६६ मध्ये गिरणीतल्या मुलींच्या जुन्या चाळींची एक रांग पाडली. ती वाचवावी म्हणून काही नागरिकांनी धडपड केली, पण उपयोग झाला नाही. कालवे बुजवून त्यांवर रस्ते करावेत, अशाही सूचना पुढे आल्या. जागा मोकळी झाली खरी, पण उद्योग काही धावत आला नाही.

श्रोतेहो, या ठिकाणी कहाणीला वळण लागते. ते वळण कोणा कारखानदाराने दिलेले नाही. ते दिले एका शाळामास्तराने. पॅट्रिक मोगन हे त्यांचे नाव. लोवेलच्या शाळांतून त्यांनी काम केले आणि पुढे ते शहराच्या सगळ्या शाळांचे मुख्य अधिकारी झाले. त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. आपल्या शाळेतली मुले हुशार असूनही खाली मान घालून वावरतात. का? कारण आपल्या घरात, आपल्या गावात शिकण्याजोगे, मान वर करण्याजोगे काही आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. पाठ्यपुस्तकातला इतिहास राजधानीत घडतो, रणांगणावर घडतो. आपली आजी बारा तास मागावर उभी होती, तिने संपात भाग घेतला होता, हा इतिहास असतो हे मुलाला ठाऊकच नाही.

मोगन म्हणू लागले, ‘हे सगळे शहरच एक शाळा आहे.’ कालवे, गिरण्या, चाळी, देवळे, पाकगृहे, लोकांच्या भाषा, सणवार या सगळ्यांचे मिळून एक जिवंत संग्रहालय करावे. शिवाय ते नुसते पाहुण्यांना दाखवायला नको. आधी आपल्या मुलांना दाखवायला हवे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ही कल्पना घेऊन ते दारोदार फिरले. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढले. पडक्या गिरण्या बघायला कोण येणार? ज्यांनी त्या गिरण्यांत हाडे झिजवली, त्यांतल्या काही जणांना तर ही कल्पना जखमेवर मीठ चोळल्यासारखी वाटली. तरी मोगन आणि त्यांचे सोबती थांबले नाहीत. त्यांनी वस्त्यावस्त्यांत बैठका घेतल्या. ग्रीक, आयरिश, फ्रेंच, पोलिश अशा सगळ्यांना एकच सांगितले की, या कहाणीत तुमचेही पान आहे.

त्यांना साथ मिळाली ती पॉल सोंगस या तरुण लोकप्रतिनिधीची. सोंगस लोवेलचेच. ग्रीक घराण्यातले, कपडे धुण्याच्या दुकानदाराचे चिरंजीव. तरुणपणी इथिओपियात जाऊन त्यांनी शिक्षकी केली होती. १९७४ मध्ये राज्य सरकारने लोवेलमध्ये वारसा उद्यान करण्याचे ठरवले. पुढे सोंगस राष्ट्रीय संसदेत निवडून गेले आणि त्यांनी हा प्रश्न तेथे लावून धरला. ५ जून १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि लोवेल हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले.

‘उद्यान’ हा शब्द ऐकून चकवा पडेल, म्हणून थोडे सांगतो. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान म्हटले की अरण्ये, डोंगर, उष्ण पाण्याचे झरे असे चित्र लोकांपुढे उभे राहते. १८७२ मध्ये यलोस्टोनपासून ती प्रथा पडली. अरण्य जपावे तसे आता देश एका गिरणगावाला जपणार होता. टोपी घातलेला, वनखात्यासारखा गणवेश केलेला सरकारी मार्गदर्शक आता अस्वलांऐवजी कालव्याचे दरवाजे आणि विणकराची खोली दाखवणार होता! मात्र संपूर्ण शहर सरकारने विकत घेतले नाही. काही मोक्याच्या इमारती घेतल्या. बाकीच्या ठिकाणी खासगी मालकांना कर्ज आणि मदत देऊन जुन्या इमारती नव्या कामाला लावल्या. काही गिरण्यांत घरे झाली, काहींत कचेऱ्या, काहींत चित्रकारांच्या कार्यशाळा. बाहेरची वीट तीच राहिली, आतला संसार बदलला.

बूट गिरणीत १९९२ मध्ये संग्रहालय उघडले. तेथे तळमजल्यावर ८८ जुने यंत्रमाग ओळीने मांडले आहेत. ते नुसते मांडलेले नाहीत, त्यांतले काही चालवून दाखवतात. पाहुण्यांना आत जाताना कानात घालायला बोळे देतात. थोडेसेच माग चालू असले तरी जमीन थरथरते, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. पाठ्यपुस्तकात ‘आवाज फार होत असे’ हे वाक्य वाचून जे कळत नाही, ते तेथे पायांच्या तळव्यांना कळते. जवळच मुलींची एक जुनी चाळ नीट करून ठेवली आहे. ती कोठे झोपे, काय जेवे, पत्र कोठे बसून लिही, ते सारे तेथे मांडले आहे. त्या वास्तूला मोगन यांचे नाव दिले आहे. गिरणीतच १९९१ पासून मुलांसाठी एक इतिहास-केंद्र चालते. ते राष्ट्रीय उद्यान आणि लोवेलचे विद्यापीठ यांनी मिळून काढले. दरवर्षी हजारो शाळकरी मुले तेथे येतात. ती स्वतः धोटा फेकतात, पाणचक्की बांधून पाहतात आणि संपाच्या सभेत मालक व मजूर होऊन वाद घालतात.

विशेष हे की, तेथे नुसती गोडगोड कहाणी सांगत नाहीत. मजुरी कापल्याचे सांगतात, छातीच्या विकारांचे सांगतात, कापूस गुलामांच्या हातचा होता हेही सांगतात. आपल्या गावाचा इतिहास म्हणजे आपल्या गावाची आरती नव्हे, हे त्यांना उमगले. आणि म्हणूनच तो इतिहास सर्वांना आपला वाटला. मजुराच्या नातवालाही त्यात आजोबा सापडले.

आता कोणी विचारील, ‘हे सगळं ठीक, पण पोटाचं काय? संग्रहालयानं चूल पेटते का?’ प्रश्न रास्त आहे. लोवेलने याचाही धडा घेतला, आणि तो महागात पडला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आन वांग या चिनी वंशाच्या शास्त्रज्ञाची संगणक कंपनी लोवेलमध्ये आली. सरकारी कर्जाची मदत मिळाली, तीन उंच मनोरे उभे राहिले, हजारो नोकऱ्या निघाल्या, बेकारी झपाट्याने उतरली. वर्तमानपत्रांनी ‘लोवेलचा चमत्कार’ म्हणून गाजावाजा केला. पण जग लहान संगणकांकडे वळले आणि ही कंपनी मागे पडली. १९९२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज दिला. सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेले ते मनोरे १९९४ मध्ये लिलावात अवघ्या ५,२५,००० डॉलरना गेले. शंभर वर्षांपूर्वी गाव गिरण्यांवर विसंबला होता, आता एका कंपनीवर विसंबला. खुंटा बदलला, पण दावे तेच राहिले होते.

मात्र या वेळी शहर पहिल्यासारखे कोसळले नाही. का? कारण मधल्या काळात दुसरेही काही उभे राहिले होते. विद्यापीठ वाढत होते. जुन्या गिरण्यांत लोक राहायला आले होते. १९८७ पासून तीन वर्षे देशाचा लोककला-महोत्सव लोवेलमध्ये भरला, आणि पुढे १९९० पासून शहराने तो स्वतःचा म्हणून दर जुलैमध्ये चालू ठेवला. शिवाय आता काही हुकले तर लोकांनी ‘हे गावच करंटे’ असे म्हणून गाशा गुंडाळला नाही. मनोऱ्यांतही पुढे दुसरे भाडेकरू आले.

आणि नवी माणसे तर येतच राहिली. १९८० च्या दशकात कंबोडियातील नरसंहारातून जीव वाचवून निघालेली हजारो कुटुंबे लोवेलमध्ये स्थिरावली. आज अमेरिकेत कंबोडियन लोकांची मोठी वस्ती असलेल्या शहरांत लोवेलचा क्रमांक अगदी वरचा आहे. सगळे गोडीगुलाबीने झाले असे समजू नका. शाळांत जागा पुरेना, कोणत्या भाषेत शिकवावे यावर कडाक्याचे वाद झाले. जुने लोक म्हणत, आमच्या आजोबांना कोणी मदत केली होती? पण त्याच जुन्या आजोबांची कहाणी संग्रहालयात मांडलेली होती, आणि ती पाहताना या नव्या माणसांचे त्यांच्याशी असलेले नाते दिसत होते. निर्वासितांनी आपले पारंपरिक नृत्य जपण्यासाठी मंडळ काढले. १९९७ पासून मेरिमॅकच्या काठी त्यांचा जल-उत्सव भरू लागला. ज्या नदीने गिरण्या फिरवल्या, त्याच नदीवर आता लांब, रंगीत होड्यांच्या शर्यती होऊ लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये सोखारी चाऊ हे लहानपणी निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले गृहस्थ लोवेलचे महापौर झाले. कंबोडियन वंशाचा महापौर त्या देशात प्रथमच झाला. २०२० च्या जनगणनेत शहराची वस्ती १,१५,००० च्या वर होती, म्हणजे गिरण्यांच्या भर काळातल्याहून किंचित जास्तच!

म्हणून लोवेलमध्ये रामराज्य आले, असे मी म्हणणार नाही. तेथे गरिबी आहे, घरभाडी वाढली आहेत, आणि नीट केलेल्या गिरणीतले घर प्रत्येक कामगाराच्या नातवाला परवडतेच असे नाही. पण एक फरक निश्चित पडला. शहराने आपला भूतकाळ विकून भविष्य घेतले नाही. भूतकाळालाच भांडवल केले आणि त्या भांडवलात सगळ्यांचा हिस्सा धरला.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली. सव्वाशे वर्षांनंतर, १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपानंतर गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखे उभे राहिले नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी, तिसरा हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला, असा हिशोब घातला होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. आज परळमध्ये काचेचे मनोरे आहेत, मोठी दुकाने आहेत, पैसा आहे. नूतनीकरण झाले नाही, असे कोण म्हणेल? पण ज्या चाळींतून शाहीर अमर शेखांचा आवाज घुमला, अण्णा भाऊ साठ्यांच्या लेखणीला विषय मिळाले, नारायण सुर्व्यांची कविता जन्मली, त्या चाळींतल्या माणसाला त्या मनोऱ्यांत आपली खूण कोठे सापडते? दोन्ही गावे नवी झाली. लोवेलने ‘हे गाव कोणाचे?’ असे आधी विचारले आणि मग बांधले. आपण आधी बांधले, आणि तो प्रश्न अजून रेंगाळतोच आहे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मोगन यांच्याजवळ सुरुवातीला काही कोटींची योजना नव्हती. त्यांच्याजवळ वर्ग होता, मुले होती आणि एक प्रश्न होता. तेवढे भांडवल प्रत्येक शाळेत आहे. तुमच्या गावात बंद पडलेला जिनिंगचा कारखाना असेल, मोडकळीला आलेला तेलाचा घाणा असेल, कोष्ट्यांची गल्ली असेल, जुना साखर कारखाना असेल. मुलांना एकदा तेथे घेऊन जा. तेथे काम केलेल्या एखाद्या आजोबांना, आजीला बोलावून आणा. कामाला किती वाजता जायचे, मजुरी काय मिळायची, शेजारी कोण असायचे, भांडण कशावरून झाले, हे मुलांना त्यांनाच विचारू द्या आणि वहीत उतरवू द्या. त्या वहीत मालकाचे नाव येईल तसेच हमालाचेही येऊ द्या. ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा. उद्या गावात नवा रस्ता येईल, नवा धंदा येईल, जागेची मोजणी होईल. त्या वेळी ‘या जागेवर आमचेही काही आहे,’ असे सांगायला गावाजवळ निदान एक लेखी पुरावा असेल, आणि तो वाचून दाखवणारे एक पोर असेल.